पासवर्ड 0712 पासून सुरू होतो तेव्हा

घरातल्या राउटरच्या लहरी घराच्या भिंतीशी थांबत नाहीत. 2.4 गिगाहर्ट्झची लहर विटांची भिंत सहज ओलांडते, 5 गिगाहर्ट्झची त्यामानाने लवकर क्षीण होते. नागपुरात मनीषनगरकडच्या एखाद्या फ्लॅट स्कीममध्ये मोबाइलवर वायफायची यादी उघडली, की वरच्या-खालच्या मजल्यांवरची आणि समोरच्या इमारतीतली नावे एकाखाली एक दिसू लागतात. लहर अडवता येत नाही, म्हणून तिच्यातला मजकूरच कुलूपबंद करावा लागतो.

या कुलपाचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. वायफायच्या 1997च्या मूळ मानकातले डब्ल्यूईपी हे कुलूप 2001 मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर यांनी कागदावर फोडून दाखवले. 2007 मध्ये जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या संशोधकांनी त्याची किल्ली मिनिटभराच्या आत काढली. मधल्या काळात, 2003 मध्ये, डब्ल्यूपीए ही तात्पुरती डागडुजी झाली आणि 2004 मध्ये एईएस ही भक्कम पद्धत वापरणारे डब्ल्यूपीए-2 आले. आज बहुतेक घरांत तेच चालते. त्याचे गणित अजून टिकून आहे. कच्चा राहतो तो माणसाने निवडलेला पासवर्ड.

मोबाइल राउटरला जोडला जाताना दोघांत चार संदेशांची देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यात उघड जात नाही, पण तो बरोबर होता की नाही हे पडताळण्यापुरता माल त्यात असतो. बाहेर उभ्या असलेल्या कोणी हे चार संदेश टिपले, तर पुढचे काम तो आपल्या घरी बसून करू शकतो. एकेक पासवर्ड ताडून पाहायचा, जुळेपर्यंत. राउटरला याचा पत्ताही लागत नाही. प्रत्येक अंदाजामागे 4,096 फेऱ्यांची आकडेमोड मुद्दाम ठेवली आहे, तरी आजचे चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला 10 लाख अंदाज तपासू शकते.

आता नागपूरकरांच्या सवयीचा पासवर्ड घ्यावा: घरचा लँडलाइन क्रमांक, 0712 सकट. अकरा आकडे, दिसायला लांबलचक. पण पहिले चार सर्वांना ठाऊक आणि पुढचा बहुधा 2. उरले सहा आकडे, म्हणजे 10 लाख शक्यता, म्हणजे एक सेकंद. मोबाइल क्रमांक थोडा बरा. तो 6 ते 9 ने सुरू होतो, म्हणून शक्यता 400 कोटी. वेळ तासाभराहून थोडा अधिक. याउलट कशाही क्रमाने घेतलेली बारा लहान इंग्रजी अक्षरे असतील, तर त्याच यंत्राला सगळ्या शक्यता तपासायला सुमारे 3,000 वर्षे लागतील. 2018 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-3 ने घरी बसून ताडण्याची ही वाटच बंद केली. तिथे प्रत्येक अंदाज राउटरलाच विचारावा लागतो. राउटर आणि मोबाइल दोन्ही नवे असतील तर तोच पर्याय निवडावा.

बटण दाबून किंवा आठ आकडी पिनने जोडणी करण्याची डब्ल्यूपीएस सोय बंद ठेवलेली बरी. पिनचा आठवा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो आणि पिन दोन तुकड्यांत तपासला जातो. त्यामुळे कोट्यवधी शक्यता 11,000 वर येतात, हे 2011 मध्ये उघड झाले. वायफायचे नाव लपवण्याचा उपायही अनेक जण करतात, पण त्याने काही साधत नाही. जोडणारा मोबाइलच ते नाव हवेत उच्चारतो.

राउटरला दुसरेही दार असते: सेटिंगचे पान. फायबर बसवायला आलेला माणूस घाईत असतो आणि तिथला मूळ ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड तसाच राहून जातो. असेच कारखान्यातले पासवर्ड वापरून 2016 मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

आपल्या वायफायवरून दुसऱ्याने काय केले, हे बाहेरून वेगळे दिसत नाही. घरातली सगळी उपकरणे इंटरनेटवर बहुधा एकाच आयपी पत्त्याने ओळखली जातात. 26 जुलै 2008च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळी प्रसारमाध्यमांना आलेल्या धमकीच्या मेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत गेला. तिथे राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाची चौकशी झाली. मेल त्याने पाठवलाच नव्हता, वायफाय मात्र त्याचे होते. त्यानंतरचे मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कार्यालयाच्या वायफायवरून गेले. 2009 मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधण्याची मोहीमच काढली.

पाहुण्यांना, तसेच स्वस्तातल्या कॅमेऱ्यांना आणि स्मार्ट बल्बना राउटरमधले ‘गेस्ट’ नेटवर्क द्यावे. म्हणजे त्यांतले एखादे उपकरण कोणाच्या ताब्यात गेले तरी तो घरच्या लॅपटॉपपर्यंत सहसा पोहोचत नाही. राउटरचे सॉफ्टवेअर अधूनमधून अद्ययावत करावे. 2017 मध्ये मॅथी व्हॅनहूफ यांनी त्या चार संदेशांतलीच एक त्रुटी दाखवली, तेव्हा उपाय अशा अपडेटमधूनच आला. अपडेट येणे बंद झालेला राउटर बदललेला बरा, आणि जुना भंगारात देण्यापूर्वी मागच्या छिद्रातले रिसेट बटण काही सेकंद दाबून ठेवावे. वायफायचा आणि इंटरनेट जोडणीचा, दोन्ही पासवर्ड त्यात साठवलेले असतात.