जेरुसलेमची पश्चिम भिंत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दगडी भिंतीला कपाळ टेकवून प्रार्थना करणारे ज्यू भाविक आपण छायाचित्रांत अनेकदा पाहिलेले असतात. ते दृश्य ओळखीचं झालं, पण त्यामागची श्रद्धा अजून नीट समजलेली नाही.

गैरसमज: ही प्राचीन ज्यू मंदिराची भिंत आहे.
वस्तुस्थिती: मंदिर ज्या टेकडीवर होतं, तिथलं आवार वाढवताना राजा हेरोदने भोवती आधारभिंती बांधायला घेतल्या. त्यांतल्या पश्चिमेकडच्या भिंतीचा हा भाग. सुमारे ४८८ मीटर लांबीपैकी जेमतेम ५७ मीटर प्रार्थनेच्या चौकात दिसते. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केलं; ही भिंत उरली.

गैरसमज: ज्यूंचं सर्वांत पवित्र स्थान म्हणजे ही भिंत.
वस्तुस्थिती: तो मान मंदिराच्या टेकडीचा. आज तिथे मुस्लिमांनाही पवित्र असलेली अल-अक्सा मशीद आणि घुमटाची वास्तू आहे. मंदिराचा गाभारा नेमका कुठे होता याची खात्री नसल्याने, नकळत तिथे पाय पडू नये म्हणून अनेक रब्बी (ज्यू धर्मगुरू) भाविकांना टेकडीवर जाण्यास मनाई करतात. म्हणून प्रार्थना पायथ्याशी, भिंतीजवळ होते.

गैरसमज: ज्यू या भिंतीची पूजा करतात.
वस्तुस्थिती: ज्यू धर्मात मूर्तिपूजा निषिद्ध आहे. प्रार्थना निराकार ईश्वराची. भिंत केवळ सान्निध्याची खूण. जगभरचे ज्यू जेरुसलेमच्या दिशेने प्रार्थना करतात. कोकणातले बेने इस्रायल ज्यूही त्यासाठी पश्चिमेकडे तोंड करतात.

गैरसमज: इथे लोक फक्त रडायला येतात.
वस्तुस्थिती: मंदिर-विध्वंसाच्या स्मृतिदिनी, तिशा बआवला, उपवास करून भाविक इथे जमिनीवर बसतात, विलापगीतं वाचतात. पण १३ वर्षांच्या मुलाचा बार मित्झ्वा, म्हणजे वयात येण्याचा विधी, इथेच गाणी म्हणत साजरा होतो. पेसाह आणि सुक्कोथ या सणांत पुरोहितांचा आशीर्वाद घ्यायला चौक गर्दीने भरून जातो.

गैरसमज: भाविक प्रार्थना लिहून भिंतीच्या फटींत ठेवतात, त्या चिठ्ठ्या शेवटी कचऱ्यात जातात.
वस्तुस्थिती: पेसाह आणि ज्यू नववर्षापूर्वी, असं वर्षातून दोनदा त्या गोळा करतात आणि ऑलिव्ह पर्वतावर पुरतात. त्या न वाचण्याचा दंडक आहे.

मंदिर पडून जवळपास दोन हजार वर्षं झाली, तरी त्याच्याशी असलेलं नातं ज्यूंनी रोजच्या प्रार्थनेत सांभाळलं. या भिंतीचं पावित्र्य त्या नात्यातून आलेलं आहे.