मोटारसायकलचें हँडल उंच करतांना

रत्नागिरीहून कोल्हापूरचा रस्ता सुमारें १३० किलोमीटरांचा आहे. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा हीं गांवें मागें टाकून तो आंबा घाट चढतो आणि मलकापुराकडे उतरतो. एखाद्या उंच्यापुऱ्या चालकाच्या मनगटांस साखरप्यापर्यंतच मुंग्या येऊं लागल्या आणि घाटमाथ्यावर मान अवघडली, तर आपल्या मोटारसायकलचें हँडल ठेंगणें आहे, असा निष्कर्ष तो काढतो. बाजारांत त्यावर दोन उपाय मिळतात. मूळ दांडा काढून अधिक उंच बांकाचा दांडा बसवावा, हा एक. किंवा मूळ दांडा ठेवून त्याच्या पकडीखालीं धातूचे ठोकळे, म्हणजे ‘रायझर’, घालावे, हा दुसरा. बसविणारा अर्ध्या तासाचें काम म्हणून सांगतो. काम तेवढ्या वेळांत उरकतें, हें खरें. परंतु त्या घाईंत जें पाहावयाचें राहून जातें, तें पुढें घाटाच्या वळणावर आठवतें.

हँडलचें महत्त्व प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. १८१७ सालीं जर्मनींत कार्ल ड्राइस यानें पायांनीं रेटण्याची दुचाकी चालविली, तेव्हां तिचा दांडा पुढचें चाक वळविण्यापुरताच होता. मोटारसायकलच्या दांड्यावर मात्र ॲक्सिलरेटर, क्लच, पुढचा ब्रेक, दिव्यांचीं बटणें आणि आरसे यांचीही वस्ती झाली. शिवाय चालकाच्या धडाचा कांहीं भार त्यावर पडतो तो निराळाच. अर्थात् दांड्याची जागा बदलली म्हणजे या सर्वांचीच जागा बदलते.

म्हणून पाना हातीं घेण्यापूर्वीं माणसाचें माप घ्यावें. गाडी स्टँडवर सरळ उभी करून चालकानें नेहमींप्रमाणें बसावें, डोळे मिटावे, आणि कोपर किंचित् वांकवून हात सहज पुढें करावे. ते जेथें थांबतील, तेथपासून मुठींपर्यंतचें अंतर घरांतील दुसऱ्या कोणी पट्टीनें मोजावें. हें अंतर कित्येकदां वाटलें होतें त्याहून पुष्कळच लहान निघतें. मग रायझरची गरजही उरत नाहीं. पकडीचे बोल्ट सैल करून दांडा थोडा मागें फिरविला आणि ब्रेक-क्लचचे खटके मनगटाच्या रेषेंत आणले, तरी काम भागतें. हा उपाय बिनखर्चाचा असल्यानेंच बहुधा कोणी सुचवीत नाहीं.

उंचीचा लाभ निखालस नसतो, हेंही जाणून असावें. धड सरळ झालें म्हणजे मनगटांवरचा भार उतरतो. परंतु तो नाहींसा न होतां बैठकीवर जातो, आणि खड्ड्याचा धक्का थेट कण्यास बसतो. छाती वाऱ्यास सन्मुख होते. आरे-वारेच्या सागरी रस्त्यावर किंवा भाट्याच्या पुलावर वारा आडवा सुटला कीं हा फरक समजतो. पुढच्या चाकावरील भार थोडा कमी होतो, आणि पावसाळ्यांत जांभ्याची तांबडी माती रस्त्यावर वाहून आली असतां त्याच चाकाची पकड मोलाची असते. अमेरिकेंतील कांहीं राज्यांत मुठी चालकाच्या खांद्याहून उंच नसाव्या, अशी कायद्यानेंच मर्यादा घातली आहे. सुखाची उंची बहुधा दोन-तीन सेंटिमीटरांतच सांपडते.

रायझर घेतांना दांड्याचा पकडीच्या जागेचा व्यास मोजावा. साध्या दांड्याचा तो २२ मिलिमीटर, तर मध्यें जाड असलेल्या दांड्याचा सुमारें २८ मिलिमीटर असतो. एकाचा ठोकळा दुसऱ्यास चालत नाहीं. ठोकळा जितका उंच, तितका त्याच्या बोल्टवर पडणारा ताण अधिक. म्हणून जुने आंखूड बोल्ट कसेबसे दोन आट्यांवर अडकवूं नयेत. बोल्टची जाडी असेल निदान तितकी त्याची लांबी आट्यांत गेली पाहिजे. ते आळीपाळीनें, निर्मात्यानें सांगितलेल्या मापानें, टॉर्क पान्यानें आंवळावे, आणि शंभरेक किलोमीटर चालविल्यावर पुन्हां तपासावे.

खरा धोका केबलींत लपलेला असतो. दांडा वर गेला कीं ॲक्सिलरेटर व क्लच यांच्या केबली, ब्रेकची नळी आणि बटणांच्या तारा यांना अधिक लांबचा मार्ग पडतो. सरळ रस्त्यावर कांहींच कळत नाहीं; हँडल पूर्ण वळलें म्हणजे ताण येतो. याची परीक्षा सोपी आहे. गाडी मोकळ्या हवेंत उभी करून गिअर न टाकतां इंजिन चालूं ठेवावें आणि हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सावकाश फिरवावें. मूठ न पिळतां इंजिनाचा आवाज चढला, तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जात आहे, असें निश्चित समजावें. अशा गाडीवर घाटांतलें अरुंद वळण घेतांना, वेग उतरावयास हवा नेमक्या त्याच क्षणीं तो आपोआप वाढतो. त्याच वेळीं बटणें अगर खटके पेट्रोलच्या टाकीस लागत नाहींत ना, हेंही पाहावें.

ब्रेकच्या नळीची परीक्षा इंजिन बंद करून, पुढचें चाक जमिनीवरून उचलून करावी. कारण चाक खालीं लोंबतें तेव्हां नळीस सर्वांत अधिक लांबी लागते. ती ताणली जात असेल, तर लांब नळी घातल्यावांचून गत्यंतर नाहीं. नळी बदलली म्हणजे आंतील हवा पूर्णपणें काढावी लागते, आणि ब्रेकचें तेल बंद डब्यांतलें ताजें घ्यावें लागतें; कारण हें तेल हवेंतील ओल शोषतें, आणि कोंकणच्या हवेंत ओलीस तोटा नाहीं. १२५ सी. सी. हून मोठ्या नव्या गाड्यांस एप्रिल २०१९ पासून ए. बी. एस. ब्रेक सक्तीचे आहेत. तेथें हें काम जाणत्या कारागिराकडेच सोंपवावें.

कायद्याचीही एक बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळे पडतील असा फेरफार करण्यास मनाई आहे. आपला बदल त्यांत मोडतो कीं नाहीं, हें परिवहन कार्यालयांत आधींच विचारून घ्यावें आणि विमा कंपनीसही कळवावें.

एवढें सगळें झाल्यावर गाडी लगेच आंबा घाटाकडे वळवूं नये. मोकळ्या मैदानांत दोन्ही अंगांस आठाचे आंकडे काढावे, ब्रेक दाबून पाहावा, आरशांत मागचा रस्ता दिसतो याची खात्री करावी. पाठीचें सुख हवेंच. पण तें मिळवितांना पुढचें चाक हातचें जाऊं देऊं नये. हँडल किती उंच झालें, यापेक्षां तें दोन्ही टोकांपर्यंत निर्वेधपणें वळतें कीं नाहीं, यावरच चालकाचें घरीं सुखरूप परतणें अवलंबून आहे.