चंदेरी विमान, पण चंदेरी कोणते?

पी-५१ मस्टँग या अमेरिकी लढाऊ विमानाचे प्लॅस्टिकचे मॉडेल बांधताना पुष्कळ जण एकच चंदेरी रंग नाकापासून शेपटीपर्यंत मारून मोकळे होतात. दुसऱ्या महायुद्धातले मूळ विमान मात्र असे एकसारखे नव्हते. त्याच्या पंखांची आखणी हवा शक्य तितकी न खळबळता वरून सरकावी अशी होती, आणि तिथे रिव्हेटचे डोके किंवा पत्र्यांमधली फटसुद्धा नडते. म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागातल्या फटी नि रिव्हेट लांबी भरून बुजवत, घासत आणि वर अॅल्युमिनियमची पूड घातलेला लॅकर मारत. धड उघड्या पत्र्याचे. शेपटीच्या सुकाणूवर ताणलेले कापड, त्यावर चंदेरी डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारा लॅकर. एकाच विमानावर तीन चंदेरी, आणि त्यांतला खरा धातू एकच. त्यामुळे धातूरंग निवडताना बाटलीवरचे छटेचे नाव नंतर बघावे. पृष्ठभाग उघड्या पत्र्याचा होता की रंगवलेला, हे आधी ठरवावे.

हा फरक प्रकाशाचा आहे. उघडा पत्रा आकाश आणि जमीन दोन्ही परावर्तित करतो, त्यामुळे कोन बदलला की त्याचा उजेड बदलतो. रंगातले धातूचे कण प्रकाश विखुरतात, म्हणून रंगवलेला पृष्ठभाग सगळीकडून जवळपास सारखाच, राखाडीकडे झुकलेला दिसतो. त्यात प्रमाणाचा प्रश्न येतो. रंगातला २० मायक्रॉनचा कण १/७२ प्रमाणाच्या मॉडेलवर बसला, तर मूळ विमानाच्या मापाने तो जवळजवळ दीड मिलिमीटरचा होतो. जाड कणांच्या चंदेरी रंगाने मॉडेल वाळू चमकावी तसे दिसते ते यामुळेच. उघड्या पत्र्यासाठी अॅल्क्लॅड टू किंवा व्हॅलेहो मेटल कलरसारखे अतिसूक्ष्म कणांचे रंग लागतात. अॅल्क्लॅडचे चकचकीत प्रकार तुळतुळीत काळ्या थरावर एअरब्रशने अगदी पातळ मारायचे असतात. त्या काळ्यावर राहिलेला प्रत्येक ओरखडा वर दिसतो. मस्टँगच्या पंखाला मात्र साधा, बारीक कणांचा चंदेरी एनॅमलच शोभतो. महाग रंग तिथे चुकीचा ठरतो.

आज प्रदर्शनांत उडणारी अनेक मस्टँग पंखांसकट आरशासारखी लखलखतात, मग हा पंख मंद कशाला, असे कोणी विचारेल. ती आजच्या मालकांनी हौसेने पॉलिश केलेली विमाने आहेत. १९४४ चे विमान दाखवायचे तर पुरावा १९४४ च्या फोटोंचा हवा. दुसरा आक्षेप असा की कपाटातल्या मॉडेलवर हे कोणाच्या लक्षात येणार? कारण लक्षात येत नसेल, पण सगळीकडे सारखाच चमकणारा पृष्ठभाग डोळ्याला खेळण्यासारखा वाटतो, हे दोन मॉडेल शेजारी ठेवून कोणीही ताडून पाहावे. उलट टोकही टाळायला हवे: प्रत्येक पॅनेल वेगळ्या छटेत रंगवून विमानाचा बुद्धिबळाचा पट करणे तितकेच खोटे. तिसरी अडचण खरी आहे. पारदर्शक वॉर्निश मारले की धातूची झळाळी मरते, आणि न मारले तर डिकलच्या, म्हणजे चिकटवलेल्या छापील चिन्हांच्या, कडा उठून दिसतात. माझ्या मते धडावर वॉर्निश टाळावे आणि डिकलची पारदर्शक कड जमेल तितकी कापून टाकावी. पंख मुळातच रंगवलेला असल्याने तिथे वॉर्निश खुशाल वापरावे.

मराठी मॉडेलकारांसाठी या विषयाचे जवळचे उदाहरण म्हणजे मिग-२१ एफएल. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेली ही विमाने सुरुवातीला उघड्या पत्र्याची होती. नाकातल्या रडारवरचा शंकू धातूचा नसल्याने हिरवा रंगवलेला असे, आणि मागच्या झोताजवळचा पत्रा उष्णतेने काळवंडून तपकिरी पडे. १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांतल्या अनेकांवर घाईने छद्मरंग चढले. तेव्हा हे मॉडेल घेणाऱ्याने रंगाची बाटली उघडण्यापूर्वी आपले विमान कोणत्या वर्षाचे ते ठरवावे आणि त्या वर्षाचा फोटो शोधावा.