दुखणं थांबलं, पाय अजून कच्चा

लातूरच्या ट्यूशन एरियात अकरावी सुरू होते ती पळापळीनंच. सकाळी क्लास, मग कॉलेज, मेस, पुन्हा क्लास, रात्री अभ्यासिका. नांदेड, परभणी, हिंगोलीकडून आलेली पोरं दिवसभर सायकली हाणत असतात. मीही त्यांतलाच, नांदेडचा. पहिल्याच पावसाळ्यात खोलीच्या जिन्यावर पाय सटकला, उजवा तळवा आत वळला आणि सगळ्या अंगाचा भार त्यावर आला.

घोटा बहुतेकांचा असाच मुरगळतो. आतल्या बाजूचं लिगामेंट जाड आणि रुंद असतं, बाहेरची तीन त्या मानानं बारीक. त्यांतलं पुढचं आधी ताणतं, जोर जास्त असेल तर फाटतं. सूज लगेच येते, काळं-निळं पडायला मात्र वेळ लागतो, आणि तेही दुखऱ्या जागी कमी, खाली टाचेकडं आणि बोटांच्या बुडाशी जास्त. आतलं रक्त उताराला लागतं, दुसरं काही नाही. आमच्या खोलीतल्या भावी डॉक्टरांनी ते बघून माझी बोटंच मोडली असं जाहीर केलं होतं.

खऱ्या डॉक्टरांनी बोटांकडं पाहिलंसुद्धा नाही. बाहेरच्या हाडाची मागची कड अंगठ्यानं दाबत आले, मग आतल्या हाडाची, मग पावलाच्या दोन्ही कडांवरच्या ठरावीक जागा. शेवटी म्हणाले, "ऊठ, चार पावलं टाक." ही चार पावलं कॅनडातून आलेली आहेत. ओटावातले डॉ. इयन स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1992 साली हे नियम मांडले. हाडाच्या खालच्या सहा सेंटिमीटरांत मागच्या कडेला किंवा टोकाला दाबून दुखत नसेल, पावलावरच्या त्या जागाही दुखत नसतील आणि लंगडत का होईना चार पावलं टाकता येत असतील, तर एक्स-रेची सहसा गरज नसते. माझी चार पुरी झाली नाहीत, म्हणून फोटो काढला. हाड शाबूत होतं. क्रेप बँडेज आणि कुबड्या हातात आल्या.

कुबडी काखेत टेकून चालायची नसते, हे कुणी सांगेपर्यंत कळत नाही. तिचं वरचं टोक काखेच्या दोन-तीन बोटं खाली राहायला हवं, कोपर जरासं वाकलेलं, आणि भार सगळा तळहातांवर. काखेत भार गेला तर तिथल्या नसा दबून हाताला मुंग्या येतात. जिन्याचा नियम सोपा आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. ओल्या शहाबादी फरशीवर मात्र नियम चालत नाही. तिथं कुबडीखालचं रबरी बूच किती झिजलंय, एवढंच बघायचं.

याहून अवघड गोष्ट वेगळीच होती. दोन्ही हात कुबड्यांत गेले की माणसाला पाण्याचा पेलासुद्धा नेता येत नाही. मेसचं ताट कुणीतरी आणून द्यायचं, डबा पाठीवरच्या बॅगेत, चहा जिथं असेल तिथंच प्यायचा. आणि देशी संडास. उकिडवं बसायला घोटा पुरता वाकावा लागतो, सुजलेला घोटा नेमका तेवढंच नाकारतो. प्लास्टिकची खुर्ची मधोमध कापून केलेली बैठक मेसच्या काकूंनी कुणाकडून तरी आणून दिली. त्या खुर्चीचे उपकार मी विसरणार नाही.

पुढच्या आठवड्यात बाबा न्यायला आले. लातूरहून अहमदपूर, लोह्यावरून नांदेड. एसटीची पहिली पायरी किती उंच असते ते तेव्हा समजलं. दोन्ही कुबड्या बाबांकडं, माझे हात दांडीला, चांगला पाय वर, आणि मागून कंडक्टरचा आवाज, "हळू चढ लेकरा, गाडी कुठं पळून चालली नाही."

घरी उपायांना तोटा नव्हता. आजीचा आंबेहळद-तुरटीचा गरम लेप तयारच होता. शेजारच्या मावशींनी पायाळू माणसाचं नाव सुचवलं. तो उसण काढतो, घोट्याला काय करणार, हे आजीनंच त्यांना विचारलं. एक मामा चोळून देतो म्हणत होते, त्यांना कसंबसं आवरलं. ताज्या दुखापतीवर चोळणं म्हणजे आतला रक्तस्राव वाढवणं. बर्फ आणि संपूर्ण विश्रांती हा उपायही आता पूर्वीइतका ठाम राहिलेला नाही. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच, हे सूत्र 1978 साली ज्या डॉ. गेब मर्किन यांनी रूढ केलं, त्यांनीच पुढं सांगितलं की बर्फ आणि पुरी विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. दुखणं सोसेल तेवढी हालचाल लवकर सुरू करावी, असं आज मानतात.

म्हणून लातूरला परतल्यावर फिजिओथेरपी. मला वाटलं होतं मशीनचा शेक असेल. मॅडमनी सायकलची जुनी ट्यूब आणायला सांगितली. तिचं एक टोक पलंगाच्या पायाला, दुसरं पावलाला, आणि पाऊल बाहेर ओढायचं, सावकाश सोडायचं. अंगठ्यानं हवेत अ-आ-इ-ई काढायची. मग भिंतीजवळ दुखऱ्या पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे, नंतर मिटून. डोळे मिटले की घोटा थरथरायला लागतो. पाऊल कुठं कलतंय याची बातमी मेंदूला देणाऱ्या नसा लिगामेंटात असतात, त्याही दुखावतात. फ्रीमन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी 1965 मध्येच हे दाखवून दिलं होतं. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा का मुरगळतो, याचं मोठं कारण तेच.

मी कंटाळलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, "तुमचा लातूर पॅटर्न म्हणजे तेच तेच पेपर सोडवणं ना? मग पायाचेही सोडव." बरोबरच्या दोघा-तिघांचे पाय त्याच वर्षी मुरगळले. दुखायचं थांबल्यावर त्यांनी ट्यूब फेकून दिली. त्यांतला एक दिवाळीआधी क्रिकेट खेळताना पुन्हा पडला.

तेव्हा नव्या कॉलेजच्या गडबडीत कुणाचा पाय मुरगळलाच, तर सूज उतरली म्हणून मैदानाकडं धावू नका. आधी चांगल्या पायावर लंगडी घालून बघा, मग दुखऱ्यावर. दोन्हींत फरक जाणवला, तर ट्यूब अजून पलंगालाच बांधलेली राहू द्या.