बहात्तर ओळींचा हिशेब

सोसायटीचे मेंटेनन्स बिल हा उपनगरातल्या घरात सर्वात नेमाने येणारा आणि सर्वात कमी वाचला जाणारा कागद. मुलुंड असो, बोरिवली असो, रकाने साधारण तेच: मालमत्ता कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, सेवाशुल्क, पार्किंग, मागील बाकी, व्याज. प्रत्येक रकान्यामागे नियम आहे. २०१४ च्या आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी ०.७५ टक्के, थकबाकीवर सरळव्याज वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या आत.

दोनशे फ्लॅटचा हा सगळा हिशेब संगणक डोळ्याचे पाते लवायच्या आत करतो. सोसायटीसाठी खास सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्या प्रोग्रामरला रात्र जागवते ते पुढचे काम. हिशेब झाला, आता तो छापायचा.

अडचण कुठे आहे हे समजायला १९७० सालात जावे लागते. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी त्या वर्षी माहिती साठवण्याची जी पद्धत मांडली, तिच्यावर आजचे बहुतेक डेटाबेस उभे आहेत. एक गोष्ट एकाच ठिकाणी ठेवायची. सभासदांचा तक्ता वेगळा, फ्लॅटचा वेगळा, पावत्यांचा वेगळा; सामाईक क्रमांकाने त्यांची जोडी लावायची. कॉड यांच्या मांडणीत तक्त्यातल्या ओळींना स्वतःचा क्रमच नसतो. वर कोण, खाली कोण, हा प्रश्न तिथे गैरलागू. कागदावर नेमका तोच प्रश्न पहिला. कागदाला वरची कड असते, खालची कड असते, आणि चौकटीबाहेर गेलेला आकडा कुणी वाचत नाही. म्हणजे तुकडे करून नीट ठेवलेली माहिती छापताना पुन्हा सांधायची, तीही क्रमाने आणि मापात.

क्रमाचेच घ्या. संगणकाला अक्षरांच्या हिशेबाने लावायला सांगितले तर फ्लॅट १ नंतर १०, मग १०१, आणि त्यानंतर २ येतो. कमिटीची पहिली तक्रार हीच असते. त्यासाठी विंग, मजला आणि क्रमांक वेगवेगळे साठवावे लागतात, हे सॉफ्टवेअर लिहून झाल्यावर कळते.

नव्वदच्या दशकात ही सॉफ्टवेअरे डीबेस, क्लिपर, फॉक्सप्रो यांत लिहिली जात. छपाईची आज्ञा अगदी रोखठोक होती: ‘ॲट १४, ५२ से’, म्हणजे ओळ १४, रकाना ५२, तिथे अमुक छाप. प्रोग्रामर आलेखाचा कागद घेऊन बसायचा आणि घरे मोजायचा. समोर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, बहुधा टीव्हीएसचा. बिलाच्या चौकटी छापखान्यातून आधीच छापून आलेल्या. संगणकाने फक्त आकडे भरायचे. एक ओळ सरकली की पाणीपट्टीचा आकडा मालमत्ता कराच्या घरात, आणि सभासद भांडायला ऑफिसात.

ओळ सरकायची कशी? आपल्याकडे सलग कागद बहुधा १० बाय १२ इंचांचा. इंचाला ६ ओळी, म्हणजे पानाच्या ७२. अमेरिकेत पान ११ इंचांचे, ६६ ओळींचे, आणि तिकडचे सॉफ्टवेअर तेच गृहीत धरून चाले. पान पूर्ण झाले की प्रोग्राम ‘फॉर्म फीड’ नावाचे एक अदृश्य चिन्ह धाडतो आणि प्रिंटर त्याला सांगितलेल्या लांबीइतका कागद पुढे ढकलतो. सांगितलेली लांबी ११ इंच आणि कागद १२ इंच, की दुसरे बिल एक इंच वर चढते, तिसरे दोन इंच. गंमत म्हणजे तेरावे बिल पुन्हा बरोबर जागी बसते, कारण ११ इंचांच्या १२ उड्या म्हणजे १३२ इंच, म्हणजे १२ इंची ११ पाने बरोबर. चाचणीला एकच बिल काढून ‘झकास’ म्हणणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही.

इंग्रजीत एवढ्यावर भागले. मराठीने खेळ बदलला. जुन्या प्रिंटरच्या डोक्यात एकाखाली एक ९ सुया, दोन सुयांत इंचाचा बहात्तरावा भाग. इंग्रजी अक्षर त्या उंचीत मावते. देवनागरीला शिरोरेघेच्या वर मात्रा-वेलांटी हवी, खाली उकार हवा. म्हणून अख्खी ओळ चित्रासारखी, डोके अनेकदा फिरवून छापावी लागे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही मराठी चाले. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचे मानक आले. पुढे युनिकोड रुळला. विंडोजमधला ‘मंगल’ हा टंक ज्यांच्या मार्गदर्शनाखाली घडला ते सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी आधी पवईच्या आयआयटीत, मग जुहूच्या एनसीएसटीत होते. उपनगरांचा या विषयाशी संबंध फक्त बिले भरण्यापुरता नाही.

तरीही मोजणीचा घोळ उरलाच. ‘क्षीरसागर’ हे आडनाव डोळ्यांना पाच अक्षरांचे. युनिकोडमध्ये ते नऊ चिन्हांचे: क, हलंत, ष, दीर्घ वेलांटी, र, स, काना, ग, र. यूटीएफ-८ पद्धतीने साठवले तर २७ बाइट. आता नावाच्या रकान्याला ‘तीस जागा’ दिल्या, तर त्या कशाच्या तीस? चुकीचे मोजणारा प्रोग्राम लांब नाव मध्येच तोडतो आणि कागदावर पाय मोडलेला एकटा ‘क्’ लटकत राहतो. शिवाय ‘ळ’ रुंद, ‘र’ अरुंद. घरे मोजून काम भागत नाही. प्रत्येक शब्दाची छापील रुंदी काढून मगच ओळ मोडावी लागते.

अक्षरी रकमेची तर वेगळीच कथा. एक ते नव्याण्णव म्हणायला इंग्रजीला २७ शब्द पुरतात, बाकीचे जोडून होतात. आपल्याकडे त्रेसष्ट, एकोणऐंशी, त्र्याऐंशी अशी प्रत्येकाची स्वतंत्र चाल, त्यामुळे ९९ शब्दांची यादीच हाताने भरावी लागते, आणि तिच्यात एक तरी शुद्धलेखनाची चूक वर्षानुवर्षे छापली जाते. स्वल्पविरामही आपला निराळा: पहिला तीन अंकांनंतर, मग दोन-दोनांनी. १५ जुलै २०१० रोजी सरकारने रुपयाचे चिन्ह स्वीकारले. ते काढणारे डी. उदय कुमार हेही पवईच्या आयआयटीतलेच. पण जुन्या टंकांत ते चिन्ह नव्हते, म्हणून रकमेआधी रिकामी चौकट उमटे.

हिशेब तपासनिसाला मात्र अक्षरांशी देणेघेणे नसते. त्याची लाल पेन्सिल बेरजेवर फिरते. समजा तीन सभासदांची प्रत्येकी ८,४५० रुपये थकबाकी आहे. २१ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज १४७ रुपये ८७.५ पैसे. अर्धा पैसा छापता येत नाही, म्हणून बिलावर १४७.८८. तिघांची बेरीज ४४३.६४. संगणकाने मात्र न छापलेला अर्धा पैसा मनात धरून बेरीज केली, ४४३.६२५, आणि खाली छापले ४४३.६३. एक पैसा कमी! गणित दोन्हीकडे बरोबर, तरी कागद चुकलेला. उपाय एवढाच की आधी प्रत्येक रक्कम पैशात पक्की करून साठवायची, मग बेरीज. छापताना गोळाबेरीज करायची नाही. रुपया-पैशाचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने हे पहिल्या दिवशी शिकावे असे मला वाटते. बहुतेक जण पहिल्या ऑडिटनंतर शिकतात.

बिल निदान एका पानाचे. खरी कसोटी ज्या नमुन्यांची लांबी आधी ठाऊक नसते त्यांची. सहकारी संस्थांच्या १९६१ च्या नियमांप्रमाणे सोसायटीला ‘आय’ नमुन्यात सभासदांची नोंदवही ठेवावी लागते. एकाचा नॉमिनी एक, दुसऱ्याचे चार, तिसऱ्याचा फ्लॅट दोनदा हस्तांतरित. उपनगरात सातबाऱ्याची जागा बऱ्याच ठिकाणी मिळकत पत्रिकेने घेतली आहे, तीही तशीच. वर नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र, सत्ताप्रकार. खाली तारखेनुसार व्यवहार, नवीन धारक, साक्षांकन. जुन्या वाडीच्या जमिनीला वारसांची नावे लागत गेली की रकाना खाली वाढत जातो. हाताने लिहिणारा कारकून अक्षर बारीक करी, समासात घुसे, वेळ पडल्यास वेगळा कागद चिकटवी. प्रोग्रामला हे सगळे आधी ठरवून द्यावे लागते: नोंद दोन पानांत तोडायची की अख्खी पुढे ढकलायची, शीर्षक दुसऱ्या पानावर पुन्हा छापायचे का, ‘मागील पानावरून’ची बेरीज कुठे. ‘पान ७ पैकी १’ एवढे चार शब्द छापण्यासाठीसुद्धा संपूर्ण अहवाल एकदा गुपचूप मांडून पाने मोजावी लागतात, आणि मग तोच पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

आता बिल पीडीएफने व्हॉट्सॲपवर येते. १९९३ मध्ये ॲडोबीने आणलेल्या या पद्धतीत पान म्हणजे निर्देशांकांची यादी: हा आकार इथे, तो तिथे, आणि मापाचे मूळ एकक पुन्हा इंचाचा बहात्तरावा भागच. छापील रूप त्यामुळे कुठेही तसेच दिसते. मजकूर मात्र ‘आकार’ म्हणून बसलेला असतो. ऱ्हस्व वेलांटी दिसते व्यंजनाच्या आधी, साठवायची असते नंतर. जोडाक्षराचा आकार एकच, चिन्हे तीन. कोणत्या आकारामागे कोणती चिन्हे, ही उलटी किल्ली सॉफ्टवेअरने फाइलमध्ये नीट ठेवली नाही, तर डोळ्यांसमोर ‘क्षितिज’ लिहिलेले असूनही शोधायला गेल्यावर सापडत नाही.

तुमच्या सोसायटीत नवे सॉफ्टवेअर घ्यायचे चालले असेल, तर विक्रेता दाखवतो ते देखणे नमुना बिल बाजूला ठेवा. तीन संयुक्त मालक, त्यातले एक आडनाव जोडाक्षरांचे, आगाऊ पैसे भरल्याने बाकी उणे, भाडेकरू ठेवलेला, आणि फ्लॅट क्रमांक ए-१००२: असे एक बिल काढायला सांगा, आणि लगेच त्यामागून आणखी बारा.