भिंतीत बसवायचा ओव्हन : घेण्याआधी काय पाहावे?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आपल्या भागात दोन कामे निघतात. एक पोरीबाळींची लग्ने, दुसरे घराचे बांधकाम. हल्ली नवे घर बांधायचे म्हटले की स्वयंपाकघराचा नकाशा वेगळा काढून आणतात. त्या नकाशात ओट्याखाली किंवा उभ्या कपाटात काळ्या काचेचे एक चौकोनी दार दाखवलेले असते. हाच तो भिंतीत बसवायचा ओव्हन. दुकानदार आणि सुतार त्याची भलावण करतात, कारण त्यात त्यांचे चार पैसे सुटतात. पण आपल्या घराला तो हवा आहे का, हवा असल्यास कोणता, आणि आपल्या गावची वीज त्याला पेलेल का, हा विचार आपला आपणच करायचा आहे. मिक्सर नको झाला तर माळ्यावर टाकता येतो. भिंतीत बसवलेली वस्तू तशी हलवता येत नाही. म्हणून हा लेख.

ओव्हन म्हणजे काय?

जुन्या मंडळींना आठवत असेल, दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बाया तालुक्याच्या बेकरीत जात आणि नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यात भरून आणत. बेकरीची भट्टी लाकडाने तापवतात. विटा तापल्या की चहूबाजूंनी कोरडी उष्णता मिळते आणि पदार्थ वरून, खालून, बाजूने सारखा भाजतो. तव्यावर किंवा कढईत फक्त खालून उष्णता लागते. भट्टी आणि चूल यांच्यात फरक आहे तो एवढाच. घरातला ओव्हन म्हणजे ह्या भट्टीचे लहान रूप. लाकडाऐवजी विजेच्या कांड्या आणि विटांऐवजी आत काचलोकर भरलेली पत्र्याची पेटी.

ह्यावरून त्यात काय होईल ते आपोआप कळते. नानकटाई, बिस्किटे, पाव, केक, रताळी, भरताची वांगी, शेंगदाणे हे सगळे उत्तम भाजते. किलोभर शेंगदाणे १६० अंशांवर ताटात पसरून ठेवले, मधून दोनदा हलवले, की वीस-पंचवीस मिनिटांत हात न भाजता तयार. भाकरी, पोळी, फोडणी, भात ह्यांच्यासाठी मात्र ओव्हनचा उपयोग नाही. तिथे आपला तवा आणि शेगडीच खरी. रोजच्या स्वयंपाकात ओव्हनमुळे गॅस वाचेल असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

तीन भावंडे, तीन स्वभाव

दुकानात गेल्यावर तीन वस्तू एकाच नावाने दाखवतात, त्यामुळे गोंधळ होतो.

पहिला ओटीजी. ओट्यावर ठेवायचा छोटा विजेचा ओव्हन. ताकद साधारण १२०० ते २००० वॉट. किंमत पाच ते बारा हजारांत बसते. दोन-चार माणसांच्या घराला पुरतो, नको असेल तेव्हा उचलून ठेवता येतो.

दुसरा मायक्रोवेव्ह. ह्याचा शोध भट्टीतून लागलेला नाही, रडारच्या कामातून लागला. अमेरिकेत पर्सी स्पेन्सर ह्या तंत्रज्ञाने १९४५ साली ह्या लहरींवर अन्न शिजवण्याची युक्ती काढली. ह्यात लहरी अन्नातल्या पाण्याला तापवतात, म्हणून अन्न गरम होते पण खरपूस होत नाही. नुसत्या मायक्रोवेव्हमध्ये नानकटाई होत नाही, आणि त्यात स्टीलचे भांडे ठेवले तर ठिणग्या उडतात. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह नावाच्या प्रकारात भाजण्याची कांडीही असते. तो केक करतो, पण त्याची फिरती थाळी लहान असते.

तिसरा भिंतीत बसवायचा ओव्हन. आतली जागा साधारण ६० ते ७५ लिटर, ताकद बहुधा २५०० ते ३५०० वॉट. किंमत तीस हजारांच्या आसपास सुरू होते आणि वर लाखाच्या पुढे जाते. वर सुताराचे कपाट, वायरिंग आणि बसवणावळ वेगळी.

विजेचा हिशेब आधी करा

आपण शेतकरी माणसे मोटरीच्या भाषेत पटकन समजतो, तर त्याच भाषेत सांगतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. तेव्हा २८०० वॉटचा ओव्हन म्हणजे पावणेचार अश्वशक्तीची मोटर घरात बसवल्यासारखे आहे. २३० व्होल्टला तो सुमारे १२ अँपिअर प्रवाह ओढतो. पंख्या-दिव्याच्या बोर्डातल्या लहान प्लगचे हे काम नव्हे. त्याला १६ अँपिअरचा मोठा प्लग लागतो, आणि मीटरजवळच्या बोर्डापासून त्याच्या एकट्यासाठी तांब्याची चार एमएमची वायर, स्वतंत्र एमसीबीसह. गिझर आणि ओव्हन एकाच वायरीवर कधीही घेऊ नयेत. बारीक वायर आतल्या आत तापत राहते, वरचे आवरण वितळते, आणि आग लागते तेव्हा कळते.

दुसरी गोष्ट मंजूर भाराची. जुन्या घरांची जोडणी घेताना दिवे-पंखे धरून लहानसा भार मंजूर केलेला असतो. ओव्हन, गिझर, इस्त्री आणि घरची बोअर मिळून पाच-सहा किलोवॉट सहज होतात. बिलावर मंजूर भार छापलेला असतो तो पाहावा, आणि कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून वाढवून घ्यावा. वस्तीवर राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. शेतीपंपाच्या जोडणीवरून घरातली उपकरणे चालवणे हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो, आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

तिसरी गोष्ट दाबाची. व्होल्टेज पडले की मोटर जास्त प्रवाह ओढते आणि जळते, हा आपला अनुभव. ओव्हनच्या कांडीचे उलटे आहे. ती जळत नाही, पण मंद होते, आणि फार मंद होते. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० च्या जागी २०० व्होल्ट आले तर उष्णता तीन चतुर्थांश राहते. १८० आले तर शंभराच्या जागी ६१. म्हणजे संध्याकाळी गावाचे दिवे मिणमिणतात त्या वेळी केक घातला तर तो चाळीस मिनिटांत काही होणार नाही, मध्येच बसेल. ज्या गावात ही तक्रार कायम आहे तिथे भाजायचे काम दुपारी उरकावे. इन्व्हर्टरवर तर हा विचारच सोडावा. घरातल्या नेहमीच्या इन्व्हर्टरला हा भार पेलत नाही.

राहता राहिले बिल. त्याची भीती उगीच घालतात. ओव्हन तापायला दहा-बारा मिनिटे पूर्ण ताकदीने चालतो, मग थर्मोस्टॅट कांडी चालू-बंद करत राहतो. पाऊण-एक तासाच्या भाजणीला साधारण एक ते सव्वा युनिट धरा. आठवड्यातून दोनदा वापर झाला तर महिन्याला दहा-अकरा युनिटे. मात्र घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक दर आणि त्यापुढे बराच चढा दर असतो, तेवढे ध्यानात असू द्यावे.

अर्थिंग : इथे काटकसर नको

ओव्हनचे दार, कडा, आतली पेटी सगळे धातूचे. बाई ओल्या हाताने, अनवाणी फरशीवर उभी राहून त्याला हात लावणार. कांडीचे आवरण फुटून वीज पेटीत उतरली आणि अर्थिंग नसले, तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून घराच्या अर्थिंगचा खड्डा खरोखर केलेला आहे का, तार तिथपर्यंत गेलेली आहे का, हे वायरमनकडून मापून घ्यावे. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालावे. शिवाय ३० मिलिअँपिअरचा गळती-स्विच, ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतात, तो बसवून घ्यावा. गळती होताच तो क्षणात वीज तोडतो.

पावसाळ्यात महिनोन्महिने बंद राहिलेला ओव्हन लावला की कधी कधी हा स्विच पडतो, कारण कांडीत दमट हवा शिरलेली असते. अशा वेळी स्विच बाजूला काढून थेट जोडणी करण्याचा शहाणपणा कोणी करू नये. जाणत्या वायरमनला बोलवावे. ओव्हन पंधरा दिवसांतून एकदा थोडा वेळ तापवत राहिले तर ही अडचण सहसा येत नाही.

जागा कशी ठेवावी?

बहुतेक बसवायचे ओव्हन समोरून सुमारे ६० सेंटिमीटर रुंद आणि तितकेच उंच असतात. खोली ५५ ते ५७ सेंटिमीटर. खणाचे माप नेहमी यंत्राच्या पुस्तिकेवरून घ्यावे, सुताराच्या अंदाजावरून नको. मागे आणि खाली हवा खेळायला वाट हवी. ओव्हनमधला छोटा पंखा भाजणे संपल्यावरही काही वेळ चालू राहून पेटी थंड करतो, त्याची हवा कोंडली तर प्लायवूडचा सनमायका सुटतो आणि आतली सर्किटे लवकर जातात. विटांच्या ओट्यात कडाप्प्याचा खण केला तर उष्णतेची काळजी नाही, पण हवेची वाट तिथेही ठेवावीच.

प्लग ओव्हनच्या पाठीमागे नको, शेजारच्या खणात हाताला येईल असा हवा. मागच्या भोकांना बारीक जाळी लावावी. उंदराला काचलोकरीची ऊब फार आवडते आणि वायर कुरतडायलाही.

उंचीचा निर्णय स्वयंपाक करणारीला विचारून घ्यावा. ओट्याखाली बसवला तर प्रत्येक वेळी वाकून तापलेला ट्रे उचलावा लागतो, आणि दाराची तापलेली काच रांगत्या पोराच्या हाताशी येते. उभ्या कपाटात कमरेच्या वर बसवला तर दोन्ही प्रश्न मिटतात. दाराला दोन किंवा तीन काचा असाव्यात. तीन काचांचे दार बाहेरून कमी तापते.

कोणता निवडावा?

वर-खाली कांडी, पाठीमागे पंखा आणि वरून ग्रिल, एवढे असले म्हणजे घरच्या सगळ्या पदार्थांना पुरते. पंख्याने उष्णता सारखी पसरते, दोन ट्रे एकदम लावता येतात. पंखा चालू असताना तापमान नेहमीपेक्षा २० अंश कमी ठेवायचे, हे सूत्र पाठ करावे. पंधरा-वीस प्रकारची चित्रे असलेली बटणे दुकानात छान दिसतात, घरी आल्यावर तीन वापरली जातात.

आपल्या भागात फिरवायच्या साध्या बटणांचा ओव्हन सोयीचा. वीज जाऊन आली की पुष्कळ डिजिटल ओव्हन घड्याळ पुन्हा लावल्याशिवाय सुरूच होत नाहीत, आणि दाब वरखाली झाल्यावर आधी त्यांचीच पाटी जाते. ५०० अंशांच्या आसपास तापून स्वतःची घाण जाळणारे ओव्हनही मिळतात, पण त्यांची किंमत आणि वीज दोन्ही जास्त. आतून गुळगुळीत मुलामा असलेला ओव्हन कोमट असताना ओल्या फडक्याने पुसला तरी स्वच्छ राहतो.

घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा : बिघडल्यावर आमच्या गावी माणूस कोण येणार आणि किती दिवसांत? नुसते “येईल हो” असे उत्तर आले तर दुसरे दुकान पाहावे. पक्के बिल आणि हमीपत्र घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

साखरेची परीक्षा

ओव्हनचे बटण १८० दाखवते तेव्हा आत खरोखर १८० असतात का? पुष्कळदा वीस-पंचवीस अंशांचा फरक असतो. तो ओळखायला आपल्याच मालाचा उपयोग करता येतो. साखर साधारण १८५ अंशांजवळ वितळते. ओव्हन १७५ वर नीट तापवून घ्यावा आणि छोट्या ताटलीत चमचाभर साखर पंधरा मिनिटे ठेवावी. ती कोरडीच राहायला हवी. मग १९० वर तापवून दुसरी साखर तशीच ठेवावी, ती वितळायला हवी. १७५ लाच वितळली तर ओव्हन बटणापेक्षा जास्त तापतो. १९० लाही कोरडी राहिली तर कमी तापतो. त्या मानाने बटण मागेपुढे ठेवावे. वितळलेली साखर हाताला चिकटून भाजते, मुलांना दूर ठेवावे.

गूळ घालून केक किंवा बिस्किटे करणाऱ्या भगिनींसाठी आणखी एक सूचना. गुळाचा पदार्थ साखरेच्या पदार्थापेक्षा लवकर लाल होतो. आच दहा अंश कमी ठेवावी, वेळ थोडा वाढवावा.

शेवटी काय करावे?

घरात महिन्यातून एकदा केक आणि दिवाळीला नानकटाई एवढेच होत असेल, तर ओटीजी पुरेसा आहे. बारा-पंधरा माणसांचे खटले असेल, दर आठवड्याला भाजणे होत असेल, किंवा घरातल्या सुनेला नाहीतर मुलीला बेकरीचे पदार्थ करून विकायचे असतील, तर बसवायचा ओव्हन पैसे वसूल करून देतो. विक्री करायची असेल तर अन्नपदार्थांच्या कायद्याखालची नोंदणी मात्र आधी करून घ्यावी.

ज्यांचे नक्की ठरत नाही, पण घर आत्ताच बांधून होते आहे, त्यांनी मधला रस्ता धरावा. उभ्या कपाटात ६० सेंटिमीटरचा एक खण ठेवावा, तिथपर्यंत चार एमएमची वायर आणि अर्थिंग आताच ओढून घ्यावे, आणि खणात सध्या डबे ठेवावेत. ह्याला थोडकाच खर्च येतो. पुढे टाइल्स फोडून वायर ओढायला कितीतरी जास्त येतो. वर्षभर ओटीजी वापरून पाहावा. तो आठवड्याला दोनदा चालला तर मोठा ओव्हन घ्यावा. तो फडक्याखाली झाकलेला राहिला, तर पुढच्या हंगामाच्या बेण्याला आणि खताला तेवढे पैसे मोकळे राहिले असे समजावे.