पहिला ट्यूब ॲम्प्लिफायर घेताय? आधी स्पीकरचा हा एक आकडा बघा

अंधारी खोली, फिरणारी रेकॉर्ड आणि बाजूला केशरी उजेडात चमकणाऱ्या काचेच्या नळ्या. असे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. दिसायला भारी वाटतं, म्हणून बरेच जण थेट ॲम्प्लिफायर ऑर्डर करतात. मग घरी आल्यावर कळतं की आवाज पुरत नाही किंवा थोडा वाढवला की फाटतो. अशा वेळी ॲम्प्लिफायर बहुतेकदा ठीकच असतो, स्पीकरशी त्याची जोडी चुकलेली असते. पहिल्या पगारातले पैसे घालण्याआधी हे गणित समजून घेऊया.

ट्यूब करते काय?

ट्यूब म्हणजेच व्हॉल्व्ह. आजोबांच्या काळातल्या मोठ्या लाकडी रेडिओत असायचे तेच. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक उपकरणांतून ट्यूब गेल्या. पण गाणी ऐकणाऱ्यांनी त्या सोडल्या नाहीत.

यामागे तांत्रिक कारण आहे. ट्यूब ॲम्प्लिफायर, विशेषतः सिंगल-एंडेड प्रकारचा, मूळ आवाजात स्वतःची थोडी भर घालतो. त्यात मोठा वाटा सेकंड हार्मोनिकचा असतो. म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीचा, वरच्या सप्तकातला तोच सूर. तो कानाला खटकत नाही, उलट आवाज भरलेला वाटतो. पण मोजमापात हे डिस्टॉर्शनच आहे. तुम्हाला ते आवडेल की नाही, हे ऐकूनच ठरवा.

सगळ्यात महत्त्वाचा आकडा: सेन्सिटिव्हिटी

स्पीकरच्या स्पेसिफिकेशनमध्ये ८५ डीबी, ८८ डीबी, ९४ डीबी असं काहीतरी लिहिलेलं असतं. १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर स्पीकर किती आवाज करतो, ते हा आकडा सांगतो.

आता नियम लक्षात ठेवा: आवाज ३ डीबीने वाढवायचा तर पॉवर दुप्पट लागते. ८५ आणि ९४ मध्ये फरक ९ डीबीचा, म्हणजे तीन वेळा दुप्पट, म्हणजेच ८ पट. थोडक्यात, ९४ डीबीचा स्पीकर ५ वॅटवर जेवढा वाजेल, तेवढं वाजायला ८५ डीबीच्या स्पीकरला ४० वॅट लागतील! ट्यूबच्या दुनियेत हे ३५ वॅट खूप महाग पडतात, कारण त्यासाठी मोठ्या ट्यूब आणि मोठे ट्रान्सफॉर्मर लागतात.

शिवाय गाण्याचा आवाज सतत एकसारखा नसतो. तबल्याची थाप सरासरीपेक्षा १० डीबी वर गेली, तर त्या क्षणी १० पट पॉवर लागते. सरासरी १ वॅटवर ऐकत असाल तरी १० वॅटची तयारी हवी.

मग कोणती ट्यूब?

साधारण अंदाज असा:

- ३००बी, सिंगल-एंडेड: सुमारे ८ वॅट. स्पीकर ९२ डीबी किंवा जास्त असेल तरच बघा.
- ईएल८४, पुश-पुल: १० ते १५ वॅट. छोटी बेडरूम आणि ८८ डीबीच्या पुढचे स्पीकर असतील तर पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी उत्तम. ट्यूबही तुलनेने स्वस्त.
- ईएल३४, पुश-पुल: साधारण ३० ते ४० वॅट. ८५-८७ डीबीचे बुकशेल्फ स्पीकर आधीच घरात असतील तर इथून सुरुवात करा.

स्पीकरचा इम्पिडन्सही बघा. बहुतेक ट्यूब ॲम्प्लिफायरला मागे ४ आणि ८ ओमची वेगळी टर्मिनल्स असतात. ८ ओमचा स्पीकर ८ च्याच टर्मिनलला जोडायचा.

खरा ट्यूब ॲम्प्लिफायर ओळखायचा कसा?

तळहातावर मावणारा डबा, वर दोन छोट्या ट्यूब आणि "१०० वॅट" असा दावा. ऑनलाइन असे बरेच दिसतात. यात ट्यूब फक्त सुरुवातीच्या टप्प्यात असते, स्पीकर चालवायचं काम आतली चिप करते. काही मॉडेल्समध्ये तर ट्यूबखाली एलईडी लावून चमक वाढवलेली असते. वस्तू वाईट असेलच असं नाही, पण तो पूर्ण ट्यूब ॲम्प्लिफायर नाही.

सोपी खूण म्हणजे वजन. खऱ्या ट्यूब ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरसाठी जड आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतात. ईएल३४ वाला स्टीरिओ सहज १५ किलोच्या आसपास जातो.

घेतल्यानंतरचा खर्च

पॉवर ट्यूब साधारण २ ते ५ हजार तास टिकतात. रोज ३ तास ऐकलं तर वर्षाला सुमारे १,१०० तास होतात, म्हणजे दोन ते चार वर्षांत नवा सेट. पुश-पुल स्टीरिओला अशा किमान चार लागतात, त्याही मॅच केलेल्या. तेव्हा घेतानाच सेटची किंमत विचारून ठेवा.

बायसचंही विचारा. ऑटो बायस असेल तर ट्यूब बदलताना काही सेट करावं लागत नाही. नावाने फसू नका: "फिक्स्ड बायस" मध्येच बहुधा ॲडजस्टमेंट करावी लागते. पहिल्यासाठी ऑटो बायस बरा.

परदेशातून मागवत असाल तर २३० व्होल्टचंच मॉडेल घ्या. जपानमधलं १०० व्होल्टचं मशीन आपल्या सॉकेटला थेट लावलं तर जळेल.

फोन कसा जोडायचा?

बहुतेक ट्यूब ॲम्प्लिफायरमध्ये ब्लूटूथ नसतं. फोनला यूएसबी-सी डॅक लावा आणि तिथून आरसीए केबलने ॲम्प्लिफायरला जोडा. ब्लूटूथ रिसीव्हर लावूनही चालेल.

हे मात्र विसरू नका

- स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प्लिफायर कधीच सुरू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.
- आत ३००-४०० व्होल्ट किंवा जास्त डीसी असतं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. झाकण स्वतः उघडू नका.
- ट्यूब हात भाजेल इतक्या तापतात. घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर जाळी असलेलंच मॉडेल घ्या. बंद कपाटात ठेवू नका, अर्थिंग तपासून घ्या.

बजेट कमी असेल तर आधी चांगले, जास्त सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर घ्या आणि साध्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरवर ऐका. ट्यूब नंतर येऊ दे. तेव्हा कमी वॅटचा, कमी किमतीचा ॲम्प्लिफायरही तुम्हाला पुरेल.